जलतरण वर्गाच्या नोंदींवरून निर्णय कसे घ्यावेत? (नाशिक)

गोदाकाठचा तलाव (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गंगापूर रोड परिसरात आम्ही मुलांसाठी जलतरण प्रशिक्षण वर्ग चालवतो. तलाव उघडा आहे; लांबी २५ मीटर, रुंदी १० मीटर आणि सरासरी खोली साधारण १.२ मीटर. गेल्या तीन हंगामांची हजेरीची रजिस्टरे, पावतीपुस्तके, यूपीआयची स्टेटमेंट्स आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या चौकशा आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, परंतु फी कोणाची राहिली हे पाहण्यापलीकडे त्यांचा उपयोग आजवर झालेला नाही.

परीक्षा संपल्या की प्रवेशासाठी झुंबड उडते आणि काही पालकांना परत पाठवावे लागते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पट निम्म्यावर येतो, आणि दिवाळीनंतर निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येऊ लागल्या की सकाळच्या बॅचमध्ये प्रशिक्षक जास्त आणि मुले कमी अशी अवस्था होते. आमच्या भागीदारांचे म्हणणे आहे की पाणी गरम करण्यासाठी हीट पंप (हवेतली उष्णता विजेच्या साह्याने पाण्यात सोडणारे यंत्र) बसवावा, म्हणजे हिवाळाही भरेल. मला मात्र आधी उन्हाळ्यासाठी एक प्रशिक्षक वाढवावा आणि वर्षाची फी एकदम भरणाऱ्यांना सवलत द्यावी असे वाटते. एका विक्रेत्याने डॅशबोर्डही दाखवला. त्यात रंगीत आलेख पुष्कळ होते, पण ते पाहून नेमके काय ठरवायचे हे काही उमगले नाही. हाताशी असलेल्या नोंदींपैकी आधी कोणत्या पाहाव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

मी अंबडच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम करतो. पोहण्यातले मला फारसे कळत नाही, पण रिकाम्या यंत्राचा खर्च कळतो. सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. एका कागदावर आपले तीन निर्णय लिहा आणि प्रत्येकासमोर, कोणता आकडा दिसला तर आपण आपला विचार बदलाल, तेही लिहा. हा रकाना भागीदारांनी स्वतंत्रपणे भरावा. ज्या निर्णयासमोर दोघांपैकी कोणालाही काहीच लिहिता येत नाही, त्यासाठी आकडे गोळा करण्यात अर्थ नाही. तो निर्णय मनात आधीच झालेला असतो.

त्यानंतर एकूण जमा रक्कम पाहण्याऐवजी जागा मोजा. एका बॅचमध्ये सुरक्षितपणे आठ मुले घेता येत असतील, तर त्या तासाच्या आठ जागा धरा आणि त्यांतील किती जागांची फी आली व किती मुले प्रत्यक्ष पाण्यात उतरली, हे दोन वेगळ्या रकान्यांत मांडा. सरासरीवर विसंबू नका. संध्याकाळी पाचच्या बॅचमध्ये आठ आणि सकाळी सातच्या बॅचमध्ये तीन मुले असतील, तर सरासरी साडेपाच येते आणि सारे ठीकठाक चालल्यासारखे भासते; वास्तविक एका बॅचला जागा अपुरी पडत असते आणि दुसरीचा प्रशिक्षक बसून असतो. उन्हाळ्यात परत पाठवलेले पालक जर सगळेच संध्याकाळची वेळ मागत असतील, तर नवा प्रशिक्षक नेमून प्रश्न सुटणार नाही, कारण संध्याकाळी पाण्यातच जागा नसेल. प्रतीक्षायादीत मागितलेली वेळ लिहिलेली आहे का, हे आधी तपासा. एकाच घरातून आई आणि वडील दोघांनीही चौकशी केलेली असते, तीही दोनदा मोजली जाते.

तुलना हंगामाची हंगामाशीच करावी, आणि तिथेही तारखेला चिकटून राहू नये. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे ऑक्टोबरच्या हजेरीची ऑक्टोबरशी तुलना केली, तर सुट्टीचा आठवडा एका बाजूला येतो आणि घट नसताना घट दिसते. शाळा उघडल्यापासून कितवा आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कितवा आठवडा, अशी मोजणी ठेवलीत तर चित्र बरेच स्वच्छ होईल. आणखी एक गोष्ट: आठ मुलांच्या बॅचमधून एक मूल गेले तर साडेबारा टक्के घट होते, पण ते एकच मूल असते. एवढ्याशा आकड्यावरून कोणाला दोष देऊ नये.

शिट्टी

मी नाशिकरोड भागात बरीच वर्षे मुलांना पोहायला शिकवतो. वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण त्यात एक महत्त्वाचा रकाना राहिला आहे. मूल गेले तेव्हा त्याला काय येत होते?

जूनमध्ये पट निम्म्यावर आला याला आपण सरसकट गळती म्हणत आहात. उन्हाळ्यात येणाऱ्या बहुतेक पालकांची अपेक्षा एवढीच असते की मुलाची भीती जावी आणि त्याने एक लांबी पोहून दाखवावी. ते साधले की ते समाधानाने जातात. असे मूल जाणे म्हणजे आपले काम पूर्ण होणे होय. त्याला सवलत देऊन थांबवण्याचा प्रयत्न केला तर पैसे वाया जातील. त्याच्यासाठी पुढची बॅच हवी, जिथे चारही स्ट्रोक शिकवले जातील किंवा स्पर्धेची तयारी होईल. खरी गळती वेगळी असते. किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून छान पाय मारणारे मूल फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेण्यासाठी मान वळवण्याऐवजी डोके वर उचलते. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली बसतात, तोंडात पाणी जाते आणि मूल काठ धरते. या पायरीवर काही मुले अनेक आठवडे अडकतात. पालक गॅलरीतून रोज तेच पाहतात आणि एके दिवशी ‘परीक्षा जवळ आली आहे’ असे सांगून येणे थांबवतात.

म्हणून प्रत्येक मुलाच्या नावासमोर पायरी आणि ती गाठल्याची तारीख लिहा: तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडणे, आधाराशिवाय तरंगणे, किकबोर्डसह दहा मीटर, बाजूने श्वास, पूर्ण पंचवीस मीटर. पाच पायऱ्या पुरे. जास्त ठेवल्या तर ओल्या हातांनी कोणी लिहिणार नाही. वर्षाची फी पाहण्यापेक्षा श्वासाच्या पायरीवर मुले किती काळ थांबतात हे पाहिलेत, तर उन्हाळ्यात प्रशिक्षक कोठे वाढवायचा हे आपोआप समजेल. एक विनंती मात्र आवर्जून करतो. प्रशिक्षकाचे मानधन मुलांच्या पायऱ्यांशी बांधू नका. तसे केले की कागदावर सगळी मुले पंचवीस मीटर पोहू लागतात, आणि ज्या मुलाला खोल बाजूला न्यायला नको त्याला तिथे नेले जाते. पाण्याच्या कामात खोटी नोंद जिवावर बेतू शकते.

एक पालक, इंदिरानगर

दोन मुद्दे थोडक्यात मांडते. वर्ग सोडण्याचे कारण विचारणाऱ्या छापील अर्जावर आम्ही पालक ‘वेळ जमत नाही’ असे लिहितो, ते बहुधा भिडेखातर असते. ज्या सरांशी किंवा ताईंशी मुलाचा जिव्हाळा जुळला आहे, त्यांनी लागोपाठ दोन गैरहजेरींनंतर साधा फोन केला तर खरे कारण कळेल. आमच्या घरी हिवाळ्यात अडचण पाण्याच्या थंडीची नव्हती. पाण्यातून निघाल्यावर ओल्या अंगाने कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत जावे लागे आणि तिथल्या वरच्या जाळीतून थेट वारा येई. हीट पंप बसवला असता तरी आमची मुलगी गेली नसती.

दुसरा मुद्दा नोंदींचा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्राने कायदा केला असून त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलाच्या दम्याची किंवा फिट येण्याची नोंद प्रशिक्षकाजवळ असलीच पाहिजे, पण ती सर्वांच्या व्हॉट्सअॅप गटावरील शीटमध्ये नसावी.

गोदाकाठचा तलाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या एप्रिलमधील प्रवेशांची यादी प्रशिक्षकांसमवेत बसून पाहिली. पायऱ्यांची लेखी नोंद नव्हती, तरी त्यांना बहुतेक मुले आठवत होती. जूनमध्ये गेलेल्यांपैकी बरीच मुले पंचवीस मीटर पूर्ण करून गेली होती, आणि जी अर्धवट सोडून गेली त्यांतील बहुतेक श्वासाच्याच पायरीवर होती. त्यामुळे वार्षिक सवलतीचा विचार तूर्त सोडला आहे. उन्हाळ्यात नव्या प्रशिक्षकाला स्वतंत्र बॅच न देता त्या एका पायरीसाठीच नेमावे असे ठरत आहे. कपडे बदलण्याच्या खोलीची जाळी या आठवड्यात बंद करून घेतो. हीट पंपाचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि भागीदार आग्रही आहेत.

आकडेमोड

तो हिशेब आपल्याच मोजमापांतून निघतो. २५ गुणिले १० गुणिले १.२, म्हणजे ३०० घनमीटर, अर्थात तीन लाख लिटर पाणी. एवढे पाणी एका अंशाने तापवण्यासाठी सुमारे ३५० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. एक युनिट विजेवर चार युनिट उष्णता देणारा हीट पंप धरला, तर विजेची सुमारे ८७ युनिटे झाली. पाणी पहिल्यांदा तापवण्याचा खर्च एकदाच येतो. बिल वाढते ते रात्री गमावलेली उष्णता रोज भरून काढताना.

म्हणून या हिवाळ्यात एक साधा थर्मामीटर घ्या आणि तलाव बंद करताना व सकाळी उघडताना पाण्याचे तापमान हजेरीच्याच रजिस्टरात लिहा. रात्रीत दोन अंश उतरत असतील, तर रोजची सुमारे १७५ युनिटे धरून आपल्या वीजदराने महिन्याचा खर्च काढा आणि त्याला एका मुलाच्या मासिक फीने भागा. भागाकार जेवढा येईल, तेवढी मुले हिवाळ्यात जास्तीची टिकली तरच वीजबिल निघेल. यंत्राची किंमत त्यानंतर. हा अंदाज कमीच आहे, कारण तापवलेले पाणी थंड हवेत अधिक वेगाने उष्णता गमावते. स्पर्धेच्या पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असते, पण शिकणाऱ्या लहान मुलांना ३० अंशांच्या आसपासचे पाणी लागते, हेही भागीदारांना सांगा.

उघड्या तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनाने जाते. त्यामुळे आधी रात्री झाकण्याचे आच्छादन घ्या, पंधरा दिवस आच्छादनासह आणि पंधरा दिवस त्याशिवाय तापमान लिहा, आणि त्या काळात हवेचे किमान तापमानही शेजारी नोंदवा, नाहीतर थंडीच्या लाटेचे श्रेय किंवा दोष आच्छादनाला जाईल. हवा थंड झाली की हीट पंपाची कार्यक्षमताही उतरते आणि माहितीपत्रकावरील आकडा सहसा उबदार हवेचा असतो. तेव्हा विक्रेत्याकडून दहा अंश हवेसाठीचा आकडा लेखी मागून घ्या आणि वरच्या हिशेबात चारच्या जागी तो घाला.