डेपोचा ढीग उचलला, पण खालच्या मातीचं आणि विहिरीचं काय?

मळ्यातली

आमचं तालुक्याचं गाव, वस्ती तीस हजारांच्या आसपास. नगरपरिषदेचा जुना कचरा डेपो आमच्या बांधाला लागून आहे, साडेपाच एकर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो ढीग लिंबाच्या झाडाएवढा होता. स्वच्छ भारत अभियान 2.0 मधून पैसे आले, दीड वर्ष ढीग चाळून कचरा वेगळा करण्याचं काम चाललं आणि यंदा मार्चमध्ये जागा सपाट झाली. धूर बंद झाला, सासूबाईंना रात्री झोप लागते. याचं मला मनापासून समाधान आहे.

पण आमची विहीर डेपोच्या उताराला आहे, बांधापासून साठ पावलांवर. पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. बादली रात्रभर भरून ठेवली तर सकाळी आतून तपकिरी कड धरते, ती चिंचेनं घासूनही जात नाही. याच विहिरीच्या पाण्यात डाळ चटकन शिजते म्हणून पूर्वी अख्खी आळी घागरी घेऊन यायची.

चाळून निघालेली बारीक माती 'खत' म्हणून फुकट वाटली. शेजारच्या भाऊजींनी दोन ट्रॉल्या वांग्यात टाकल्या. पहिल्या पावसात वरची धूळ धुऊन गेली आणि सरीत काचा, ब्लेडचे तुकडे, गंजलेले पेन्सिल सेल उघडे पडले. खुरपताना माझ्या जावेच्या टाचेत काच गेली.

आता त्या जागेवर बाग आणि आठवडी बाजार करायचं चाललंय. माती कुणी तपासली, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, त्याला निधी नाही, काम पूर्ण झालंय." सरकारचा पैसा फक्त ढिगापुरताच असतो का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

चाळणीवरचा

ताई, सहा वर्षं मी हेच काम करतोय, सुपरवायझर आहे. हा पैसा ढिगात किती टन कचरा आहे त्यावर ठरतो. टनाला 550 रुपये धरून अंदाज काढतात; एक लाख वस्तीच्या आतल्या गावांना त्यातला निम्मा केंद्राकडून, एक ते दहा लाखांच्या शहरांना 33 टक्के, त्यावरच्यांना 25. बाकीचं राज्य आणि नगरपरिषद बघते.

साइटवर ढीग फोडून लांब रांगा लावतो, त्यावर कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर फवारतो, काही दिवसांनी उलथवतो. वाफ निघून माल कोरडा झाला की फिरत्या चाळणीत. प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीला, दगड-विटा भरावाला, बारीक माती वेगळी. जे वजनकाट्यावर चढतं त्याचं बिल निघतं. पाऊस पडून ढिगातून जे काळं पाणी वर्षानुवर्षं मुरलं, ते काट्यावर कसं चढणार?

भाऊजींना सांगा, ती माती भाजीच्या रानात राहू देऊ नका. शिसं, कॅडमियम तपासल्याशिवाय शेतात टाकायचीच नसते. शक्य असेल तर वरचा थर खरवडून काढा.

मुलुंड पूर्व

आमच्याकडचं सांगतो. मुलुंडचा डेपो 1967 चा, 2018 मध्ये बंद झाला. 24 हेक्टरवर सुमारे 70 लाख टन कचरा, तो काढायचं कंत्राट 731 कोटींचं. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय, तिथल्या 185 लाख टनांसाठी 2025 मध्ये दोन हजार कोटींच्या वरची निविदा निघाली. सगळा हिशोब टनांचाच. बाजार बांधायच्या आधी एक लक्षात घ्या: मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डेपोवर ऑफिसं उभी राहिली, तेव्हा जमिनीतून येणाऱ्या वायूंमुळे संगणक आणि एसीचे भाग गंजायला लागले होते. ढीग दिसत नाही म्हणजे जागा थंड झाली असं नाही.

उंबरठा

मळ्यातली ताई, तुमच्या उपयोगाचं एक आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. ज्यानं प्रदूषण केलं त्यानं खर्च द्यायचा; तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र आणि राज्यानं. अधिकारी म्हणतील, कचरा डेपो यात येत नाहीत. ते अर्धंच खरं आहे. घातक द्रव्यं कचऱ्यात मिसळून ठरवून दिलेल्या पातळीच्या वर गेली असतील, तर नियम लागू होतात. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची असते. तुमचा डेपो त्या यादीत घाला, अशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. अर्जात नुसतं 'पाणी खराब आहे' लिहू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी करून आकडे जोडा.

मळ्यातली

सगळ्यांचे आभार. भाऊजींनी आजच वांगी उपटायला घेतली. फळं धरली होती, जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विहिरीचं आणि वरच्या आळीतल्या बोअरचं, अशा दोन बाटल्या घेऊन सोमवारी जिल्ह्याला जातेय. मातीचा नमुना किती खोलवरून घ्यायचा? आणि बाटली काचेची की प्लॅस्टिकची?

चाळणीवरचा

धातूंसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली चालते, पण प्रयोगशाळेतूनच मागून घ्या; त्यात आम्ल घालून देतात, ती विसळू नका. मातीचे नमुने दोन: एक वरचा वीतभर, एक हातभर खालचा. पिशव्यांवर जागा आणि तारीख लिहा. खणताना हातमोजे घाला, पायात बूट घाला.