पोरांचा फुटबॉल क्लब आणि सुरक्षितता: तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे किनारपट्टीला आता बरीच पोरं फुटबॉलला जातात. आपण गेटवर सोडतो, अंधार पडायच्या आत आणायला जातो, पण मधल्या वेळेत आणि बाहेरगावच्या मॅचेसना पोरं कोणाच्या भरवशावर असतात हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा, फक्त मुलाची ओळख पटेल असं काही नको.

चिपळूणहून एक आई
माझ्या मुलाला सर वेगळे मेसेज करायचे, तेही रात्री. आधी मॅचचे व्हिडिओ, मग 'तू बाकीच्यांसारखा नाहीस', मग महागडे स्टड (फुटबॉलचे बूट) फुकट दिले आणि घरी सांगू नको म्हणाले. ते 'घरी सांगू नको' ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. स्क्रीनशॉट काढून कमिटीकडे गेले तर उत्तर काय, 'वहिनी, कशाला वाढवताय, पोराचं सिलेक्शन जाईल.' मग १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइन हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पुढे काय करायचं ते सांगितलं. तो माणूस आता तिथे नाही, मुलगा दुसरीकडे खेळतो. ओरडणारा कोच निदान दिसतो तरी, हे गोड बोलणं दिसतच नाही.

रत्नागिरी, आधी कोच होतो
ताई, अगदी बरोबर केलंत. 'आधी आमची आमची चौकशी करू' असं कमिट्या म्हणतात, पण कायद्यात तशी सवलतच नाही. पॉक्सो २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा), कलम १९: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचंच. गप्प बसलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाला पाठीशी घातलं तर एक वर्षापर्यंत. मुलगा असो की मुलगी, १८ च्या आतल्या सगळ्यांना लागू. मी एकट्या मुलाला कधी गाडीवरून सोडलं नाही, पालकांना उशीर झाला तर अजून एकदोन मुलांना थांबवून घ्यायचो. लोक हसायचे, हसू देत.

मालवण
ह्या मी पयल्यांदाच लिवतंय. शाळेत असताना एका सरांनी मसाजच्या नावाखाली जे केलं ते लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, तोवर कोणालाच नाही. टीम निवडणं त्यांच्याच हातात होतं ना. २०१६ ला इंग्लंडचा माजी फुटबॉलर अँडी वुडवर्ड उघडपणे बोलला, मागून शेकडो जण पुढे आले, आणि त्याचा कोच बॅरी बेनेल, जो आधीही जेलमध्ये जाऊन आलेला, त्याला २०१८ मध्ये इतर मुलांच्या केसेसमध्ये पुन्हा मोठी शिक्षा झाली. ते वाचून मी रात्रभर जागा होतो. पोरगा गप्प आहे म्हणजे काही झालं नाही असं धरू नका.

वेंगुर्ला
माझा मुद्दा साधा आहे. हलवायचे लोखंडी गोलपोस्ट मागून वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवा, पोरं लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. आणि ढग गडगडले की प्रॅक्टिस बंद, शेवटची पाच मिनिटं वगैरे नाही.

दापोली, मुलीची आई
कोल्हापूरच्या टूर्नामेंटला मुली जाणार होत्या, सोबत एकही बाई नव्हती. २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या टीमच्या सहायक कोचला गैरवर्तनावरून परदेश दौऱ्यातून परत बोलावून काढून टाकलं होतं, ते डोक्यात होतं, म्हणून आम्ही आया अडून बसलो. शेवटी दोघी आया गेल्या, मुलींच्या खोलीत कुठल्याही पुरुषाने जायचं नाही हे आधीच ठरवून घेतलं. यंदा परत जायचंय. मुलींना शिकवणारी बाई कोच दापोली-खेडकडे कोणाच्या माहितीत आहे का?