बॉल डिफ नवीन बांधला, हाताला मऊ लागतोय, पळवला की कचकच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. रिमोटवर चालणारी १/१० मापाची टू व्हील ड्राइव्ह बगी आहे, ब्रशलेस मोटर, टू एस लिपो (दोन सेलची बॅटरी), मागच्या गिअरबॉक्समध्ये बॉल डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गोळ्यांचा डिफरेन्शियल. डिफ पूर्ण खोलून साफ केला, नवीन गोळ्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या नवीन रिंगा घालून परत बांधला. टेबलावर एक चाक फिरवलं की दुसरं उलटं एकदम मऊ फिरतंय. पण माळावर नेऊन एक बॅटरी पळवली की हाताला आतनं कचकच जाणवायला लागते, तालमीतली माती दाताखाली आल्यावर होतं तसं. आणि वळणातनं बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागनं चर्रर्र आवाज, मोटर ओरडतीय आणि गाडी जागेवरच. स्क्रू आवळला की आवाज जातो पण मग डिफ इतका जड होतो की गाडी वळायचं नाव घेत नाही, नाक सरळ पुढं. सैल केला की परत तेच. मधली जागाच सापडंना झालीय.

काय काय केलंय ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. गोळ्या टंगस्टन कार्बाइडच्या, ३/३२ इंच, सगळ्या एकाच पाकिटातल्या. उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात स्टीलच्या लय स्वस्त मिळत होत्या, पण तिथं २.४ मिमी म्हणून देत होते आणि ३/३२ म्हणजे २.३८१, म्हणजे पुढं कधी दोन्ही एकत्र झाल्या तर सगळा दाब मोठ्या गोळ्यांवरच यायचा, म्हणून नाही घेतल्या. रिंगा नव्याच होत्या तरी काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासल्या, वरची चकाकी जाईपर्यंत. मोठ्या गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ लूब, थ्रस्टच्या (डिफ दाबून धरणाऱ्या स्क्रूवरच्या बेअरिंगच्या) बारक्या गोळ्यांना काळं मॉली ग्रीस. थ्रस्टचे वॉशर आणि स्प्रिंग जुनेच ठेवलेत, बघायला बरे दिसत होते. मग स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत स्क्रू आवळून पाव आट्याच्या निम्मा मागं घेतला. ब्रेक इन पण केलं, एक चाक धरून हळू थ्रॉटलवर दुसरं फिरवायचं आणि मग उलट. स्लिपर (जादा झटका आला की सरकणारा क्लच) जवळजवळ पूर्ण आवळलेला आहे, सैल ठेवला की गाडी उचलत नाही असं वाटतं.

तर हे रिंगांचं दुखणं आहे, थ्रस्टचं आहे की माझं आवळणंच चुकतंय? पार्ट बाहेरनं मागवायला वेळ लागतो, म्हणून नेमकं काय मागवायचं ते आधी कळलं तर बरं.

प्रतिसाद: सरळ गिअर डिफ (गोळ्यांऐवजी आत गिअर असलेला) टाक भावा. आत सिलिकॉन ऑइल भरलं की वर्षभर बघायला नको.

धागाकर्ता: तो विचार झाला, पण आमच्याकडं सगळा मुरमाड माळ, वर भुसभुशीत. पकड कमी असली की बॉल डिफच बरा चालतो, गिअर डिफला आतलं चाक भिरभिरतं. कार्पेटचा ट्रॅक असता तर कधीच टाकला असता.

प्रतिसाद: कचकच आणि चर्रर्र ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र धरू नका. आधी चर्रर्र. मागची दोन्ही चाकं कुणाला तरी घट्ट धरायला लावा आणि स्पर गिअर (मोटरच्या बारक्या गिअरनं फिरणारा मोठा गिअर) अंगठ्यानं पुढं ढकला. स्पर फिरला तर स्लिपरच्या नटाकडं बघा. नट आणि शाफ्ट जागेवर आहेत आणि नुसता स्पर फिरतोय तर स्लिपर सरकतोय, ते चालतं. स्परबरोबर शाफ्ट पण फिरतोय तर आत डिफ सरकतोय, आणि ते अजिबात चालत नाही. तुम्ही स्लिपर एवढा आवळलाय म्हटल्यावर उडी मारून खाली आल्यावरचा सगळा झटका डिफच घेतोय. गोळ्या रिंगांवर घसरल्या की तापतात आणि डिफ गिअरची, गोळ्या बसतात ती प्लॅस्टिकची भोकं वितळून मोठी होतात, मग कितीही आवळा. स्लिपर कायम डिफच्या आधी सरकला पाहिजे. तो सैल करा, गाडी उचलत नाही वाटलं तरी चालेल, सुटताना एखादी फूट हलका सूंऽऽ आवाज आलाच पाहिजे.

आता कचकच. टेबलावर मऊ आणि पळवल्यावर कचकच म्हणजे माझा पहिला संशय थ्रस्टवर. स्प्रिंगचा सगळा दाब त्या बारक्या गोळ्यांवर असतो आणि तुम्ही नेमकं तेच जुनं ठेवलंय. डिफ परत खोला, नुसता स्क्रू, थ्रस्ट आणि त्याच बाजूचा आउटड्राइव्ह (चाकाकडं जाणारा दांडा बसतो तो कप) एवढंच हातात घ्या, स्क्रू पक्कडीत धरून बाहेर ओढा आणि आउटड्राइव्ह फिरवा. इथंच कचकच लागली तर रिंगांना हात लावायची गरज नाही.

प्रतिसाद: वरच्यांनी सांगितलं ते बरोबर. रिंगेच्या मागं, म्हणजे आउटड्राइव्हच्या बाजूला, मुरमाचा एखादा कण किंवा ग्रीसचा गोळा राहिला का तेही बघा, रिंग तिरकी बसते. आणि आवळताना आउटड्राइव्ह सतत उलटसुलट फिरवत राहायचं, नाहीतर गोळ्या एकाच जागी दाबून रिंगेवर खड्डे पाडतात. धुवायला आयसोप्रोपिल वापरा, पेट्रोल प्लॅस्टिकला नको.

धागाकर्ता: सापडलं. स्क्रू ओढून फिरवला तर तिथंच कचकच. वॉशर धुवून उजेडात तिरका धरला तर गोल चर दिसतोय, नखाला पण अडकतोय, आणि एका ठिकाणी कपची उडालीय. मुख्य रिंगा एकदम स्वच्छ. अंगठ्याच्या टेस्टमध्ये शाफ्ट फिरतोय, म्हणजे डिफ सरकतच होता. गिअरची भोकं बघितली, अजून गोल आहेत, वाचलो. वॉशर उलटे करून तोपर्यंत चालवू का?

प्रतिसाद: मागच्या बाजूला चर नसेल तर उलटा करून चालतो, पण कपची उडालेला नको, त्याचा चुरा गोळ्या खातील. थ्रस्टचा पूर्ण सेट मागवा, गोळ्यांसकट. त्याच पार्सलमध्ये स्प्रिंग आणि लॉकनट पण टाका. जुन्या नटातलं नायलॉन ढिलं झालं की तुमचं सेटिंग पळता पळता आपोआप सुटतं. नवी स्प्रिंग घालायच्या आधी पक्कडीनं चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे ती आत गेल्यावर परत बसत नाही. पहिल्या बॅटरीनंतर थोडं आवळावं लागेल, ते नॉर्मल आहे.