क्रिएटर कोड टाकणे ही यूट्यूबरला मदत आहे की कंपनीची बिनपगारी दलाली?

रात्रपाळी (धागाकर्ता):

गेल्या रविवारी माझा भाचा क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल खेळात जेम्स (खेळातले चलन) विकत घेत होता आणि पैसे माझे असल्यामुळे मी शेजारी बसून पाहत होतो. त्याने आधी एका यूट्यूबरचा कोड टाकला. त्यात एक अक्षर चुकले आणि खेळाने तो नाकारला. मग हा पठ्ठ्या यूट्यूबवर जाऊन व्हिडिओत नेमके स्पेलिंग पाहून आला, कोड पुन्हा टाकला, आणि मगच पैसे भरण्यासाठी फोन माझ्या हातात दिला. "यात तुला काय मिळतं?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "मला काही नाही मामा, त्याला मिळतं."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने ऑक्टोबर 2018 मध्ये 'सपोर्ट अ क्रिएटर' योजना सुरू केली. खेळाडूने एखाद्या व्हिडिओकाराचा कोड टाकून 10,000 व्ही-बक्स (फोर्टनाइटमधले चलन) खर्च केले की त्या व्हिडिओकाराला सुमारे 5 डॉलर मिळतील, असा तेव्हाचा हिशेब होता. तिथे वाटा मोजला जातो तो व्ही-बक्स विकत घेताना नव्हे, तर ते खर्च करताना. रोब्लॉक्स या खेळाच्या स्टार कोडमध्ये मात्र रोबक्स (तिथले चलन) विकत घेतानाच कोड टाकावा लागतो आणि खरेदीच्या 5 टक्के रक्कम कोडवाल्याकडे जाते. क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि ब्रॉल स्टार्स बनवणाऱ्या हेलसिंकीच्या सुपरसेलचीही अशीच योजना आहे.

माझे मत सरळ आहे. खरेदी करायची हे एकदा ठरले असेल, तर कोडचा रकाना कोरा सोडू नये. कोड टाकल्याने आपल्याला एक पैसाही जास्त पडत नाही. माझ्या भाच्याने गावाची आखणी कशी करावी, कोणत्या सैन्याने कोणत्या बाजूने शिरावे, हे सारे त्या यूट्यूबरकडून फुकट शिकले आहे. व्हिडिओखालच्या लिंकवर बोट लावले की बेसचा, म्हणजे गावाचा, अख्खा आराखडा त्याच्या खेळात उतरतो. फोनवरच्या ॲप स्टोअरमधून खरेदी केली, तर मोठ्या कंपन्यांच्या खेळांत 30 टक्क्यांपर्यंतचा वाटा गूगल किंवा ॲपलकडे जातो आणि त्याविषयी आपण कधी हूं की चूं करत नाही. मग हे 5 टक्केच का खुपावेत?

बोरूबहाद्दर:

'आपल्याला एक पैसाही जास्त पडत नाही' हे वाक्य मी यापूर्वी विमा एजंटांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. कमिशन कधीच वेगळे दिसत नाही, कारण ते किमतीतच मुरलेले असते. म्युच्युअल फंडांत हेच चालत होते. बाजार नियामक सेबीने 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट पर्याय देणे बंधनकारक केले आणि मधला वितरक वगळला की खर्च किती कमी होतो हे गुंतवणूकदाराला प्रथमच उघड्या डोळ्यांनी दिसले. तेव्हा कोड फुकट आहे असे समजू नये. त्याचे पैसे आपण भरतोच, फक्त आपल्याला पावती मिळत नाही.

रात्रपाळी:

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे नम्रपणे सुचवतो. डायरेक्ट योजनेत वितरक नसला तर वाचलेले कमिशन गुंतवणूकदाराच्या पदरात पडते. इथे रकाना कोरा ठेवला तर जेम्स स्वस्त होत नाहीत आणि ते 5 टक्के मुकाट्याने कंपनीच्या गल्ल्यात राहतात. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ती रक्कम व्हिडिओ बनवणाऱ्याला जावी की कंपनीला. आपण कंपनीच्या बाजूने मत देता आहात का?

बोरूबहाद्दर:

नाही. कोड न टाकणाऱ्याला तेवढी सूट मिळावी, म्हणजे खेळांतही डायरेक्ट योजना असावी, अशी मागणी खेळाडूंनी करायला हवी, असे माझे म्हणणे आहे. जोपर्यंत आपण आनंदाने कोड टाकत राहू तोपर्यंत ही मागणी कुणी करणार नाही, आणि कंपनीला हजारो विक्रेते विनापगार मिळत राहतील.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. फोर्टनाइटमध्ये टाकलेला कोड 14 दिवसांनी आपोआप निघून जातो आणि सुपरसेलच्या खेळांत 7 दिवसांनी. कंपनीने ही मुदत का ठेवली असेल ती असो, तिचा परिणाम असा होतो की प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी 'कोड टाकायला विसरू नका' हे पालुपद ऐकावे लागते. ज्याची कमाई नव्या स्किनच्या (पात्राच्या पेहरावाच्या) विक्रीवर अवलंबून आहे, तो 'ही स्किन या किमतीच्या लायकीची नाही' असे मोकळेपणाने कसे सांगेल? आपल्या भाच्याला बेसची आखणी शिकवणारा गुरुजी आता दुकानाच्या दारात उभा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही का?

दोन_मुलांची_आई:

मी बोरूबहाद्दर यांच्याशी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) एपिक गेम्सशी एकूण 52 कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यांतले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीसंबंधीच्या उल्लंघनांसाठी होते, आणि उरलेले साडेचोवीस कोटी खेळाडूंना परत देण्यासाठी होते, कारण बटणांची मांडणीच अशी होती की एका चुकीच्या दाबाने खरेदी होऊन जात असे, आणि बराच काळ मुलांना पालकांच्या संमतीशिवाय व्ही-बक्स घेता येत होते. आपल्याकडेही ग्राहकांना फसवणाऱ्या अशा मांडण्यांविरुद्ध नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आहेत. ज्या दुकानाची रचनाच मुलांच्या हातून पैसे सुटावेत अशी असू शकते, त्या दुकानात 'आवडत्या दादाला मदत' ही भावनिक पायरी आणखी जोडणे मला धोक्याचे वाटते. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, "आई, आपण यावेळी काही घेतलं नाही तर त्याला वाईट वाटेल." त्या यूट्यूबरचे सबस्क्रायबर लाखांत आहेत आणि माझ्या मुलाचे नावही त्याला ठाऊक नाही. तरी नऊ वर्षांच्या मुलाला त्याची काळजी लागून राहिली होती.

पंचगंगाकाठचा:

मी स्वतः मराठीतून खेळांचे व्हिडिओ करतो आणि माझ्याकडे असा एक कोड आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो. कोण किती कमावतो याविषयी बाहेर फार भ्रम आहेत. वर दिलेल्या 10,000 ला 5 डॉलर या दरानेच हिशेब करा. 1,200 व्ही-बक्सची एक स्किन कुणी माझ्या कोडने घेतली तर मला 60 सेंट मिळतील, म्हणजे सुमारे पन्नास रुपये. एपिकच्या योजनेत शिरायला एखाद्या समाजमाध्यमावर किमान 1,000 अनुयायी लागतात आणि पैसे हातात पडायला 100 डॉलरचा टप्पा गाठावा लागतो. तेवढ्यासाठी माझ्या प्रेक्षकांनी मिळून अशा 167 स्किन घ्याव्या लागतील. माझे निम्मे प्रेक्षक शाळकरी आहेत आणि त्यांच्याकडे डेटा पॅक भरण्याइतकेही पैसे नसतात. हिंदीतल्या मोठ्या चॅनेलांना हा टप्पा गाठायला किती वेळ लागतो कोण जाणे, मला मात्र दिवाळीपासून दिवाळीपर्यंत लागतो.

तरीही मी कोड बंद केलेला नाही. मराठीतून या खेळांवर बोलणारे फार थोडे आहेत आणि आमच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे उत्पन्न नगण्य असते, त्यामुळे वर्षातून एकदा नवा माइक घेण्याइतके पैसे आले तरी ते मला मोठे वाटतात. फक्त दोन गोष्टी मी बदलल्या. कोडचा उल्लेख व्हिडिओच्या तोंडी करणे थांबवले, आणि 'माझा कोड टाकला की मला वाटा मिळतो' हे वाक्य स्पष्ट बोलू लागलो. मोबदला मिळत असेल तर तो लपवू नये असे जाहिरात मानक परिषदेचे नियम 2021 पासून आहेतच, आणि एपिकही आपल्या कोडवाल्यांना हे नाते उघड करायला सांगते. पण किती जण मुलांना समजेल अशा भाषेत ते सांगतात? बोरूबहाद्दर यांच्या दुकानाच्या दारातल्या गुरुजींवर मी रागावलो नाही. तो गुरुजी मीच आहे.

बोरूबहाद्दर:

आपला हिशेब वाचून माझा आक्षेप सौम्य झाला नाही, उलट पक्का झाला. 167 खरेद्यांमागे 100 डॉलर देऊन कंपनीने आपल्याकडून वर्षभर जाहिरात करून घेतली. प्रेक्षकांना खरोखर मदत करायची असेल तर यूट्यूबच्या मेंबरशिपमध्ये 70 टक्के वाटा थेट आपल्याला मिळतो आणि त्यासाठी कुणाला स्किन विकत घ्यावी लागत नाही.

पंचगंगाकाठचा:

मेंबरशिपसाठी दर महिन्याला वेगळे पैसे काढावे लागतात आणि ते काढणारे माझ्याकडे आजमितीस चार जण आहेत. कोडमध्ये निदान जो खर्च होणारच आहे त्यातला तुकडा येतो. टक्केवारी मोठी असून भागत नाही, शंभरचे सत्तर मिळायला आधी कुणी शंभर द्यावे लागतात.

रात्रपाळी:

दोन_मुलांची_आई यांच्या प्रतिसादाने मला थोडे हलवले, हे मान्य करतो. मी 'खरेदी ठरली असेल तर' असे लिहिले होते. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात खरेदी आणि कोड यांचा क्रम उलटाही असू शकतो, याचा विचार मी केला नव्हता. भाचा चौदा वर्षांचा आहे, तरी त्याला मी काल विचारले की कोड नसता तर तू जेम्स घेतले असतेस का. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "घेतले असते, पण कमी." या 'पण कमी'चे उत्तर माझ्याकडे नाही. माझे मत मात्र अजून तेच आहे: खरेदी करणाऱ्या मोठ्या माणसाने रकाना कोरा ठेवून कंपनीला देणगी देण्याचे कारण नाही.

दोन_मुलांची_आई:

एक व्यावहारिक शंका आहे. मुलाने टाकून ठेवलेला कोड काढायचा असेल तर काय करावे?

रात्रपाळी:

फोर्टनाइटमध्ये आयटम शॉपमध्येच, जिथे कोड टाकतात तिथूनच तो काढता येतो. क्लॅशमध्ये काही केले नाही तरी सात दिवसांनी तो आपसूक जातो. भाच्याचा आज गेला. अजून त्याने नवा टाकलेला नाही आणि मीही त्याला आठवण केलेली नाही.