युनिट उघडायची गरज नाही

वर कोणीतरी लिहिलंय की गाडीतल्या टचस्क्रीन स्टिरिओ-नेव्हिगेशन युनिटच्या मेनूखाली चालणारं विंडोज सीई (मायक्रोसॉफ्टची छोट्या उपकरणांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) बघायचं तर युनिट डॅशबोर्डमधून काढावंच लागतं, ते काही पटलं नाही. या जुन्या चायनीज युनिट्समध्ये नेव्हिगेशनचं बटण म्हणजे फक्त एक ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) चालवणारा शॉर्टकट असतो आणि त्याचा पाथ, म्हणजे ती फाइल कुठे आहे तो पत्ता, बऱ्याच युनिट्समध्ये सेटिंगमध्ये बदलता येतो. इथे इंदूरला भाच्याच्या सेकंडहँड गाडीत असंच बसवलेलं होतं, दुकानदार आपला एकच धोशा लावून, ''भिया, कंपनी लॉक है.'' कसलं लॉक! एसडी कार्डावर टोटल कमांडर या फाइल-फोल्डर बघायच्या प्रोग्रामची सीईवाली आवृत्ती टाकली, नेव्हिगेशनचा पाथ तिच्याकडे वळवला, बटण दाबलं की आतले सगळे फोल्डर समोर, अगदी बारक्या अक्षरात, बोटाने नेमकं दाबताना जीव जातो.

पाथ एक्सप्लोररचा (विंडोजचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) देऊन डेस्कटॉप आला नाही तर गोंधळू नका, पुष्कळ युनिट्सच्या रॉममधून (कायमच्या मेमरीतून) तो काढूनच टाकलेला असतो. आणि पीसीवरची ईएक्सई इथे चालत नाही, सीईसाठीच बनवलेली हवी, तीही प्रोसेसर एआरएम आहे की मिप्स ते बघून. रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथे) केलेले बदल बहुतेक वेळा रॅममध्येच राहतात, पॉवर गेली की साफ. मूळ नेव्हिगेशनच्या पाथचा मात्र आधी फोटो काढून ठेवा.