इंजिनिअरिंगच्या अकादमीत कोणाला बसवायचं?

लोलक
काल ठिणगी यांनी इथे लिहिलं: "इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय अकादम्या म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब. सभासदानेच नाव सुचवायचं, सभासदांनीच मत द्यायचं. ॲमेझॉनचे बेझोस आणि टेस्लाचे मस्क आत, पूल बांधणारा बाहेर. बंद करा हे." रात्री वाचलं आणि झोप उडाली. म्हणून सविस्तर लिहितो.

मोठं काम केलेल्या इंजिनिअरांना सभासद करून मान देणाऱ्या या संस्था. अमेरिकेतली अकादमी १९६४ ची. विज्ञान अकादमी त्याआधी शंभर वर्षं होती, १८६३ पासून, पण तिथे शास्त्रज्ञांचा वरचष्मा. इंजिनिअरला मान हवा तर वेगळं घर हवं, या भांडणातून ती जन्मली. आपली १९८७ ची. अमेरिकेत स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही. आधीच्या सभासदाने नाव सुचवावं लागतं. तुम्हाला हाच दोष वाटतो. मग पारख कोणी करायची? टर्बाइनचं पातं का तुटलं नाही, हे ज्याने पाती बनवली त्यालाच कळणार. लोकांनी मतं दिली तर ज्याचा चेहरा रोज दिसतो तोच निवडून येईल.

एका ज्येष्ठांच्या नामांकनाचे कागद तयार करायला मी मदत केली आहे. तीन महिने गेले. लिहिणं सोपं होतं, निवडणं अवघड. टीमने काय केलं आणि यांनी स्वतः काय केलं, हे वेगळं काढताना आम्ही दोघं दोनदा भांडलो. शेवटी चाळीस वर्षांच्या कामातून साडेतीन ओळी उरल्या, पण त्यातला शब्द न् शब्द सिद्ध करता येत होता. याला क्लब म्हणू नका.

ठिणगी
तुमच्या ज्येष्ठांकडे तीन महिने देणारा माणूस होता. माझं म्हणणं नेमकं तेच आहे. ज्याच्यामागे असा माणूस नाही त्याचं काय?

सांधा
ठिणगींची भाषा मला पटत नाही, पण त्यांच्या या प्रश्नाने जखमेवर बोट ठेवलं.

माझे पहिले साहेब वेल सिंकिंगमधले. नदीत पुलाच्या पायाची विहीर उतरवताना ती कलली की बाकीचे कन्सल्टंटला फोन लावायचे आणि कन्सल्टंट साहेबांना. उंच बाजूने जास्त गाळ काढायचा, त्याच बाजूला वजन चढवायचं, हे पुस्तकात आहे. किती काढायचा आणि कधी थांबायचं, हे नाही. थांबायला उशीर झाला तर विहीर दुसरीकडे कलते. साहेब रात्रभर वर बसून ओळंबा बघायचे. एकदा पाण्याची पातळी वाढत असताना त्यांनी काम थांबवलं, कॉन्ट्रॅक्टरच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन दिवसांनी विहीर सरळ बसवली. रिपोर्टमध्ये एकच ओळ: "टिल्ट मर्यादेत आणला."

त्यांचं नाव एका मानाच्या यादीसाठी सुचवावं म्हणून मी एका संस्थेतल्या गृहस्थांकडे गेलो. पहिला प्रश्न: संशोधनाचे पेपर किती? मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

लोलक
हे वाईट झालं. पण तो त्या गृहस्थांचा दोष. अमेरिकेच्या निकषात संशोधनाबरोबर प्रत्यक्ष काम आणि शिक्षणही आहे.

सांधा
कागदावर आहे.

अनघड
पेपरवाल्यांवर कसले चिडता? ते निदान स्वतः लिहितात. मालकांचं बोला! बेझोस २०१८ ला निवडले गेले, मस्क २०२२ ला. मस्क यांच्या स्पेसएक्सचं पुन्हा वापरता येणारं रॉकेट डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर उभं उतरलं, तेव्हा मी पहाटे उठून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते ज्यांच्या गणिताने उतरलं, त्यांची नावं या धाग्यावर किती जणांना सांगता येतील? मस्क यांची पदवी भौतिकशास्त्राची आणि अर्थशास्त्राची. पगार देणं म्हणजे इंजिनिअरिंग नाही. रतन टाटाही २०१३ ला परदेशी सहयोगी म्हणून गेलेच की.

दोरखंड
टाटांना या पंगतीत ओढू नका. त्यांची निवड औद्योगिक विकासातल्या योगदानासाठी होती, त्यांनी गिअरबॉक्स काढला असा दावा कोणी केला नव्हता. बोलण्याआधी वाचत जा.

अनघड
वाचलंय. म्हणूनच विचारतो. औद्योगिक विकासासाठी मान द्या, हजार वेळा द्या, पण तो इंजिनिअर म्हणून का? माशेलकर २००३ ला गेले, ते केमिकल इंजिनिअर. तिथे मला कोणी प्रश्न विचारताना दिसला का? आणि दोरखंड, टाटांची पदवी आर्किटेक्चरची होती, हेही वाचलंय.

मीनल
पदवी, पदवी, पदवी! लिलियन गिलब्रेथ यांची पदवी साहित्याची आणि डॉक्टरेट मानसशास्त्राची. त्यांनी माणसाच्या हालचाली मोजल्या, थकवा कुठे येतो ते पाहिलं, कारखान्यातलं काम आणि घरातला ओटा दोन्ही माणसाच्या मापाने बसवले. १९६५ मध्ये त्या अकादमीत निवडून आल्या, पहिल्या स्त्री. तुमच्या गाळणीतून त्याच आधी बाहेर पडल्या असत्या.

मी अठरा वर्षं प्लांट लेआउट करते. ऑपरेटरला दिवसातून शंभर वेळा वाकावं लागू नये म्हणून व्हॉल्व्ह कमरेच्या उंचीवर आणला, तर आमचे मॅनेजर म्हणाले, "हे काही इंजिनिअरिंग नाही." तेच वाक्य आज इथे वाचलं, म्हणून लिहिलं.

अनघड
मीनलताई, गिलब्रेथ यांचं मान्य. पदवीचा मुद्दा सोडतो. मालकांचा सोडत नाही.

सांधा
मग कसोटी मी सांगतो. चुकलं तर सही कोणाची? न्यूयॉर्कची सिटीकॉर्प इमारत घ्या, ५९ मजली. स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझुरिए. १९७८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की तिरक्या वाऱ्यात सांध्यांवर हिशेबापेक्षा जास्त ताण येतो, आणि सांधे वेल्ड न करता बोल्टने जोडलेत. त्यांनी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं. रात्री-रात्री वेल्डिंग करून सांधे मजबूत केले. त्याच साली ते अकादमीचे सभासद झाले होते. जाण्याची भीती होती ते सगळं त्यांच्याकडे होतं, तरी ते बोलले. ज्याची सही असते तो इंजिनिअर. मालकाची सही चेकवर असते.

ठिणगी
आणि आत काम करणाऱ्यांना सांगितलं का? लोकांना कळलं १९९५ मध्ये! सतरा वर्षं! १९७८ मध्ये शहरात वर्तमानपत्रांचा संप होता, म्हणून निभावलं. वादळ आलं असतं तर? खाली झोपलेल्यांना विचारलं होतं कोणी? हा तुमचा आदर्श?

सांधा
आदर्श म्हटलेलं नाही. गप्प बसले असते तर इमारत तशीच राहिली असती. मी सही केलेल्या एका स्लॅबला तडा गेला होता. धोका नव्हता. तरी मालकाला सांगायला मला चार दिवस लागले. ते चार दिवस मला आजही आठवतात. घरी बसून "सांगायला हवं होतं" म्हणणं सोपं आहे.

ठिणगी
तुमच्या चार दिवसांबद्दल बोललो नाही. लेमेझुरिए स्वतः पुढे आले, एवढं मानतो. लपवलं ते चूकच.

लोलक
माझंही एक लिहितो. सभासदांनीच पारख करावी यावर मी ठाम आहे. पण नाव सुचवायलाही सभासदच हवा, ही अट मला आता तितकी बरोबर वाटत नाही. वेल सिंकिंगवाल्यांची ओळख कोणाशी असणार? अमेरिकेत २०२२ च्या एका वर्षात १११ सभासद आणि २२ परदेशी निवडले गेले. जागा नाही असं म्हणता येत नाही.

सांधा, तुमचे साहेब आहेत का अजून?

सांधा
आहेत. ऐकू कमी येतं.

लोलक
साइटच्या वह्या?

सांधा
पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक विहिरीचं रोजचं लेव्हल आणि टिल्ट, पेन्सिलने. काही पानं कसर लागून गेली असतील.

लोलक
उरलेल्यांचे फोटो काढून पाठवा. पेपर नसले तरी ती आकडेवारी आहे. बाकीचे तीन महिने माझे.

ठिणगी
माझा मुद्दा जागेवर आहे. पेन्सिलचे आकडे वाचून टाइप करायला कोणी हवं असेल तर मला पाठवा.