‘सिस्टरनं सलाइन बघावं, देवधर्म नको’ म्हणणाऱ्यांना

नाइटड्यूटी: काल इथं एकानं लिहिलं, पेशंटची आध्यात्मिक काळजी म्हणजे नर्सिंगच्या सिलॅबसमध्ये उगाच घातलेली भर. डोकंच सणकलं. इंग्लंडच्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटसाठीचं हॉस्पिस काढलं ते दुखणं शरीराचं, मनाचं, घरचं, श्रद्धेचं असं एकत्र बघायला. लांब कशाला, आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारं केंद्र, १९९७ पासून आहे. रात्री तीनला पेशंट विचारतो, "सिस्टर, मी असं काय पाप केलं?" तेव्हा तिथं ना डॉक्टर असतो, ना तुम्ही. मी प्रवचन देत नाही, स्टूल ओढून बसते.

पेठकर: ती पोस्ट माझीच. बसायला वेळ कुठून आणता? टीचिंग हॉस्पिटलच्या वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, हा नर्सिंग कौन्सिलचा निकष कागदावरच. वडील ॲडमिट होते तेव्हा अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच सिस्टर. आधी माणसं भरा. आज स्टूल, उद्या तीर्थ पाजाल.

आळंदीकर: तीर्थावरून आठवलं. ऑपरेशनला नेताना आईची तुळशीची माळ उतरवली. लग्नाआधीपासूनची! त्यात धातू नाही, काही नाही. रडत आत गेली बिचारी.

ओटीवाला: धातूचा प्रश्नच नाही. मानेतून लाइन, म्हणजे औषधाची नळी, टाकायची वेळ आली तर माळ आड येते. वर्षानुवर्षं घाम मुरलेले लाकडी मणी निर्जंतुक कसे करायचे?

आळंदीकर: मग तसं सांगा की! "काढा ओ आजी, नियम आहे" एवढंच. पालख्या पुण्यात आल्या की हेच लोक सेल्फीला पुढं.

ओटीवाला: वारीचा काय संबंध? इन्फेक्शन झालं असतं तर पहिले तुम्हीच आमच्या अंगावर आला असता.

आळंदीकर: अंगावर यायची भाषा तुमचीच चालू आहे.

नाइटड्यूटी: अहो, थांबा दोघं. आम्ही माळ पिशवीत घालून, नाव लिहून नातेवाइकांकडे देतो. आजींना सांगतो, शुद्धीवर आलात की आधी माळ, मग चहाचं बघू. याला कितीसा वेळ लागतो, पेठकर?

पेठकर: बरं बाई, माळेपुरतं मान्य. पण आमचे वडील कट्टर नास्तिक. शेजारच्या बेडवर मोबाइलवर दिवसभर हरिपाठ. बंद करा म्हणाले, तर सिस्टरच म्हणते, "ऐका आजोबा, बरं वाटेल." ही कुठली काळजी?

नाइटड्यूटी: ते चुकलंच तिचं. आधी पेशंटला विचारायचं. शेजारच्यांना इअरफोन लावायला सांगायचं.

पेठकर: चला, एका तरी नर्सनं कबूल केलं.

आळंदीकर: हरिपाठाचा एवढा त्रास? असो. माळ परत मिळाली तेव्हा दोन मणी कमी होते, त्याचं कोण बोलणार?

ओटीवाला: आता मणीपण आम्हीच मोजायचे!